अक्षरे नसलेला अहवाल

शुक्रवारी दुपारी डबा धुऊन फायनलराव खोलीत परतले, तेव्हा साहेब त्यांच्या खुर्चीमागे उभे होते आणि साहेबांच्या हातात कागद होता. फायनलरावांनी कागदाकडे पाहिले नाही. डबा पिशवीत ठेवला, पिशवी टेबलाखाली सरकवली, चष्मा पुसला. आपण पाहिलेच नाही तर कागद निघून जाईल, अशी त्यांची एक भाबडी समजूत होती आणि इतक्या वर्षांत ती एकदाही खरी ठरली नव्हती.

"एवढंच जरा," साहेब म्हणाले.

या कंपनीत पंप तयार होत. पाणी उपसणारे, तेल ढकलणारे, गाळ काढणारे. पंप खालच्या कारखान्यात बनत आणि त्यांच्याबद्दलचे शब्द वरच्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत, फायनलरावांच्या संगणकावर. माहितीपत्रके, सूचनापुस्तिका आणि वर्षातून एकदा अहवाल. मजकूर जुळवायचा, पाने लावायची, हे त्यांचे काम. मजकूर एकाचा, मत दुसऱ्याचे आणि चूक झाली तर ती फायनलरावांची, अशी वाटणी फार पूर्वीच ठरून गेली होती. फायनलराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. काम संपले असे वाटले की ते फाइलला 'फायनल' असे नाव देत. मग 'फायनल नवे', मग 'फायनल हेच', मग 'फायनल आता तरी'. खरे नाव फक्त पगाराच्या विभागाला आणि बायकोला माहीत होते, आणि बायको 'अहो'वर भागवत असल्यामुळे ते वापरातून गेल्यातच जमा होते.

"चेअरमनसाहेबांच्या पानावर पंपाचा फोटो वर आलाय आणि त्यांचा खाली," साहेब म्हणाले. "माणूस वर पाहिजे हो. पंप खाली."

"साहेब, काल तुम्हीच म्हणालात पंप वर घ्या. लोक पंप बघायला येतात म्हणून."

"काल म्हणालो. आज त्यांचा फोन आला."

फायनलरावांनी वाद घातला नाही. वाद घालायला लागणारी शक्ती ते संध्याकाळच्या गाडीसाठी राखून ठेवत होते. त्यांनी पंप खाली ओढला, चेअरमनना वर ढकलले आणि विचारले, "अजून?"

"नाही, एवढंच," साहेब म्हणाले आणि गेले. ते परत येणार हे दोघांनाही माहीत होते.

संध्याकाळच्या गाडीने फायनलरावांना आणि त्यांच्या बायकोला लेकीकडे निघायचे होते. लेकीला मुलगा होऊन दीड वर्ष झाले होते आणि आजोबांनी नातवाला अजून मांडीवर घेतलेले नव्हते. पहिल्यांदा तिकिटे रद्द झाली ती नफ्याला 'भरघोस' म्हणावे की 'लक्षणीय' या प्रश्नावरून. दुसऱ्यांदा चेअरमनच्या मनोगतात एक परिच्छेद वाढला म्हणून. नातू त्यांना फोनच्या पडद्यावर रोज बघायचा आणि लेक सांगायची की त्याला आजोबा दाखव म्हटले की तो फोनकडे बोट करतो. सगळे हसायचे. फायनलरावही हसायचे, पण फोन ठेवला की त्यांना काही सुचायचे नाही. या वेळी बायकोने भांडणसुद्धा केले नव्हते. "मी जाणार आहे," एवढेच ती शांतपणे म्हणाली होती. "तुम्ही या, फायनल झालात की."

अहवाल या वर्षी छापून वाटायचा नव्हता. उद्याच्या वार्षिक सभेत तो भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवायचा होता. पडद्याचे काम बघणाऱ्या माणसाने सांगितले होते, प्रत्येक पान एसव्हीजी करून पाठवा. साधे चित्र ताणले की कडा विसविशीत होतात. एसव्हीजीत तसे होत नाही, कारण त्यात चित्र साठवलेलेच नसते, रेघ कुठून निघून कशी वळून कुठे जायची याची आकडेमोड असते. पान नखाएवढे करा नाहीतर घराएवढे, कड चाकूने कापल्यासारखी. म्हणून फोटोंच्याही रेघा करून घेतल्या होत्या. शिवाय फायनलरावांनी एक खबरदारी घेतली. मागे एकदा त्यांचे पान दुसऱ्याच्या संगणकावर उघडले होते, तर तिथे तो टंक, म्हणजे फॉन्ट, नसल्यामुळे सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसल्या होत्या. म्हणून या वेळी त्यांनी सगळ्या अक्षरांच्या आकृत्या करून टाकल्या. आता कुणाकडे कुठला टंक असो नसो, अक्षर जसे दिसते तसेच दिसणार.

पाने पडदेवाल्याला गेली. फायनलरावांनी खुर्चीत पाठ टेकली आणि साहेब दारात उभे राहिले.

"चौथ्या पानावर 'प्रगती' आहे ना, तिथे 'घोडदौड' करा. एवढंच जरा."

फायनलरावांनी सवयीने पान उघडले आणि शब्दावर टिचकी मारली. कर्सर लुकलुकला नाही. नुसती 'ग'ची मागची काठी निवडली गेली आणि तिच्या कडेने बारीक ठिपके उमटले.

"काय झालं?" साहेबांनी वाकून विचारले.

"साहेब, यात आता अक्षरं राहिली नाहीत."

"म्हणजे काय? मला दिसतायत की."

"दिसतात. पण त्या आकृत्या आहेत. गोल, तिरकी, उभी रेघ. 'प्रगती' असं आता यात कुठेही लिहिलेलं नाही. फक्त 'प्रगती'सारखं दिसेल अशा रेघा आहेत."

साहेब विचारात पडले. "म्हणजे प्रगती झालेली नाही, नुसती दिसतेय."

"तसंच."

"हे बाहेर बोलू नका," साहेब म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "म्हणजे आता बदलता येणार नाही?"

इथे खरे उत्तर सोपे होते. मूळ फाइल त्याच संगणकात, शेजारच्याच फोल्डरमध्ये, अक्षरांसकट ठणठणीत होती. शब्द बदलायचा, पान परत एसव्हीजी करायचे, परत पाठवायचे. पाच मिनिटांचे काम. फायनलराव ते सांगणारही होते. पण त्यांचे तोंड उघडले आणि त्यातून भलतेच बाहेर पडले.

"अवघड आहे," ते म्हणाले.

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फायनलराव बघतच राहिले. साहेबांचा कागद त्यांच्या टेबलावर न पडता परत जातो, हे दृश्य त्यांना नवीन होते.

दारातून साहेब वळले. "पण ती मूळ फाइल असेलच ना कुठेतरी?"

"भाजलेल्या विटेची परत माती होते का, साहेब?"

"नाही."

"मग."

साहेब मान हलवत गेले. आपण खोटे बोललो नाही, अशी फायनलरावांनी मनाची समजूत घातली. आपण फक्त विटेबद्दल एक प्रश्न विचारला. उत्तर साहेबांनी दिले.

बातमी कॉरिडॉरभर व्हायला वेळ लागला नाही. अकाउंट्सच्या बाई एक आकडा बदलायला आल्या होत्या, त्या पडद्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "सगळीच गेली?"

"सगळीच."

"आकडेसुद्धा?"

"आकड्यांच्याही रेघा झाल्यात, बाई."

"बघा," बाई म्हणाल्या. "काल धडधाकट होता अहवाल." आणि आकडा घेऊन आल्या पावली परतल्या.

खरेदी विभागाचे गृहस्थ आले, कायदेशीर बाबी बघणारे वकील आले. आजाऱ्याला भेटायला यावे तसे एकेक जण यायचे, दोन क्षण पडद्यासमोर उभे राहायचे, आपापली दुरुस्ती खिशात घालायचे आणि जायचे. वकिलांनी तर जाताना फायनलरावांच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी नमस्कार घेतला नव्हता. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून साहेबांचा फोनवरचा आवाज आला. "नाही सर. आता नाही होणार. अक्षरंच नाहीत ना, सर. हो, परिच्छेद वाढवता आला असता, पण तो ठेवायचा कशात? मलाही फार वाईट वाटतंय." ज्याला फार वाईट वाटते आहे त्या माणसाचा आवाज इतका टवटवीत कसा, असे फायनलरावांच्या मनात आले. पण त्यांना दुसऱ्याच्या आवाजात लक्ष घालायची इच्छा नव्हती. त्यांना आज, फार दिवसांनी, काहीच काम नव्हते.

टेबलावरचा फोन वाजला. बायको होती.

"निघताय ना?"

"झालं सगळं. फायनल."

"कुठलं फायनल?" तिने विचारले. संसार जुना होता. "हे बघा, मी बॅगा घेऊन टॅक्सीने थेट तुमच्या गेटवर येते. वर येणार नाही, हाकाही मारणार नाही. खाली बसून राहीन. मी आणि ड्रायव्हर तुमच्याबद्दल काय ते बोलत बसू."

"अगं, खरंच झालंय."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'मध्ये मागच्या दोन्ही रद्द तिकिटांचा आवाज होता.

आता नुसते बसून राहायचे, तर फायनलरावांनी कौतुकाने आपलीच पाने बघायला घेतली. एक वेलांटी धरून मोठी केली, अजून मोठी केली, पडदाभर केली. कड चाकूने कापल्यासारखी. असे एकेक पान बघत ते चेअरमनच्या पानावर आले. वर चेअरमन, खाली नवा गाळपंप. माणूस वर, पंप खाली. मग त्यांनी फोटोखालचा मजकूर वाचला आणि चष्मा पुसून परत वाचला.

फोटो त्यांनी हलवले होते. मजकूर हलवलाच नव्हता.

चेअरमनच्या हसऱ्या फोटोखाली लिहिले होते: 'बांधा आटोपशीर. आवाज कमी. तळाचा गाळ न अडकता वर आणतो. वेळेवर तेलपाणी मिळाल्यास वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो. फार तापल्यास आपोआप बंद होतो.' आणि खाली, पंपाच्या फोटोला चिकटून: 'ज्यांच्या दूरदृष्टीमुळे कंपनी आजच्या उंचीवर पोचली असे सर्वांचे आदरणीय आधारस्तंभ. त्यांचा मायेचा हात सदैव आमच्या पाठीवर आहे.'

निदान नावे असती तरी बघणाऱ्याला अदलाबदल कळली असती. पण चेअरमनचे नाव साहेबांनीच काढायला लावले होते, कारण त्यांना कोण ओळखत नाही. आणि पंपाचे नाव अजून ठरायचे होते. उद्या हे पान भिंतीएवढे होऊन सगळ्या भागधारकांसमोर उभे राहणार होते. आणि एसव्हीजी असल्यामुळे चूकसुद्धा कितीही मोठी केली तरी कुठे विसविशीत होणार नव्हती.

घाबरायचे कारण नाही, त्यांनी स्वतःला बजावले. मूळ फाइल उघडायची, मजकुराची अदलाबदल करायची, पान परत पाठवायचे. कुणाला कळतेय. त्यांनी फोल्डरवर बाण नेला आणि त्याच क्षणी साहेब आत आले. या वेळी त्यांच्या हातात कागद नव्हता. चहाचे दोन कप होते.

"बसतो जरा," साहेब म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकून बसले. "माझ्या खोलीत फोन वाजतोय. मोबाइल बंद केलाय. चहा घ्या."

फायनलरावांनी फोल्डरवरचा बाण मागे घेतला. साहेबांच्या खुर्चीतून पडदा अर्धा दिसत होता. मूळ फाइल उघडली की 'फायनल आता तरी' हे नाव वरच्या पट्टीवर झळकणार, आणि त्या पट्टीवर साहेबांचे डोळे बरोबर पडत होते.

"तुम्हाला काही काम असेल, साहेब."

"नाही हो. आज काहीच नाही. फार दिवसांनी." साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "किती शांत वाटतंय तुमच्याकडे."

टेबलावरचा फोन वाजला. पडदेवाला होता. "पानं झकास दिसतायत हां. चेअरमन स्वतः आलेत इथे सभागृहात बघायला. खुर्ची टाकून बसलेत समोर. एकेक पान वाचतायत, सावकाश. आत्ता तिसऱ्यावर आहेत."

फायनलरावांनी फोन ठेवला. चेअरमनचे पान नववे होते. त्यांनी मनाशी ठरवले, मूळ फाइलची वाट बंद आहे तर याच आकृत्या हलवायच्या. शेवटी रेघाच त्या. वरचा घोळका खाली, खालचा घोळका वर. त्यांनी बाणाने चेअरमनखालच्या मजकुराभोवती चौकट ओढली. शेकडो तुकडे ठिपक्यांनी चमकले. ओढले. मजकूर खाली सरकला, पण निवडीत न आलेली टिंबे, दोन मात्रा आणि 'वर्षानुवर्षे'चा रफार चेअरमनच्या हनुवटीखाली तसेच लटकत राहिले. त्यांनी रफार धरायला बाण नेला, तर हाताला चेअरमनचा टाय लागला. तो बाजूला गेला.

"हे काय हललं?" साहेबांनी एक डोळा उघडला.

"कडा तपासतोय, साहेब."

"टाय हलला."

"टायची कड."

साहेब उठून मागे आले. फायनलरावांनी शेवटची हालचाल उलटवण्याचे बटण दाबले, एकदा, दोनदा, तीनदा. टाय जागेवर गेला, मजकूर परत वर येऊन आपल्या मात्रांना मिळाला. आणि पान मूळच्या रूपात, नीटनेटके, दोघांसमोर उभे राहिले. साहेब वाचू लागले. आधी मनात. मग त्यांचे ओठ हलू लागले. 'फार तापल्यास'पाशी येऊन ते थांबले आणि खुर्चीच्या पाठीला धरून राहिले.

फायनलरावांना आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, आणि खरे सांगायचे तर लपवायचा कंटाळाही आला होता. "साहेब, फोटो बदलताना मजकूर राहून गेला," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला सांगितलं ते अर्धवट आहे. मूळ फाइल आहे. त्यात अक्षरं आहेत. पाच मिनिटांत होईल."

साहेब रागावले नाहीत. ते दारापाशी गेले, कॉरिडॉरमध्ये डोकावले, दार लावून घेतले आणि परत येऊन बसले.

"मला माहितीय," ते म्हणाले.

"काय?"

"मूळ फाइल आहे ते. अहो, पंप विकतो म्हणून मला एवढंही कळत नाही का?"

"मग कागद खिशात का घातलात?"

साहेबांनी कपात पाहिले. चहा संपला होता. "तुम्हाला काय वाटतं, मी आणतो त्या दुरुस्त्या माझ्या असतात? मला 'प्रगती' आणि 'घोडदौड' दोन्ही सारखेच. वरून फोन येतो, मी कागदावर लिहितो, तुमच्याकडे आणतो. तुम्ही करता, मी वर कळवतो, की परत फोन येतो. माझ्या बायकोने माझं जेवण झाकून ठेवायचंसुद्धा सोडलंय. आज तुम्ही ते विटेचं सांगितलंत आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वर 'नाही' म्हणता आलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू."

फायनलरावांना या माणसाबद्दल एकदम माया वाटली. इतकी वर्षे त्यांनी ज्या कागदांना शिव्या दिल्या ते कागद या माणसालाही नकोच होते. पण घड्याळ पुढे चालले होते आणि चेअरमनही. "ते खरं, साहेब, पण हे एवढं पान दुरुस्त करू द्या."

"नाही."

"साहेब, एवढंच जरा."

"अहो, कसं करणार? हे पान बदललेलं दिसलं की त्यांना कळणार, बदलता येतं. मग ती घोडदौड, तो परिच्छेद, बाईंचा आकडा, सगळे परत येतील रांगेने. नाही. फायनल म्हणजे फायनल."

"त्यात तुमच्या चेअरमनना गाळ काढायला लावलंय, साहेब."

"काढू दे," साहेब निकराने म्हणाले, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. एक जण बदलू द्या म्हणत होता आणि दुसरा नको म्हणत होता. फक्त माणसांची अदलाबदल झाली होती. टेबलावरचा फोन वाजला तेव्हा दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही. फोन वाजतच राहिला. शेवटी साहेबांनी स्पीकरचे बटण दाबले.

"नववं पान," चेअरमनचा आवाज आला.

"हो, सर," साहेब उभे राहिले.

"माझ्या फोटोखाली जे लिहिलंय. मी दोनदा वाचलं."

"सर, त्याचं असं झालं—"

"थांबा. मला बोलू द्या." मग ते पडद्यावरचे वाचू लागले. "'तळाचा गाळ न अडकता वर आणतो.' मी या कंपनीत तेच केलं हो. नको असलेलं सगळं तळातून उपसून काढलं. कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. आणि 'फार तापल्यास आपोआप बंद होतो.' तेही खरं. मी ओरडतो आणि मग दोन दिवस कुणाशी बोलत नाही. घरीसुद्धा. आणि हे एकेरीत लिहिलंय. 'आणतो', 'चालतो', 'होतो'. आई गेल्यापासून मला एकेरीत कुणी बोललेलं नाही. दरवर्षी आपले ते आदरणीय आणि आधारस्तंभ. खाली बघा, त्या पंपालासुद्धा तेच चिकटवलंय. पंपाला कशाला मायेचा हात? असो. कुणी लिहिलं हे?"

साहेबांनी फायनलरावांकडे पाहिले. फायनलरावांनी साहेबांकडे पाहिले. चांगले काही झाले की ते कुणाचे, हे साहेबांना आजवर कधी ठरवावे लागले नव्हते. तोंड आपोआप उघडले.

"मीच, सर," साहेब म्हणाले.

"वाटलंच. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मग आता एक करा. बाकीचे संचालक इथे माझ्या शेजारी बसलेत आणि त्यांची तोंडं उतरलीत. त्यांच्या फोटोखालीही असंच लिहा. खरं, थोडक्यात, एकेरीत. मी सगळ्यांना तुमच्याकडेच पाठवतो, एकेकाला समोर बसवून त्याचा स्वभाव समजून घ्या. त्यांना ते पटेपर्यंत उठू नका."

"पण सर, अक्षरं—"

"जुनी गेली तर गेली. नवीन घाला. जागेवरच बसा, ते निघालेत." आणि फोन बंद झाला.

साहेब त्या फोनकडे असे बघत होते की जणू तो आता तरी वेगळे काही बोलेल.

"फायनलराव," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही तर निघालात, नाही का?"

"हो, साहेब. गाडी आहे."

"लेकीकडे."

"हो."

साहेबांनी मान हलवली. थांबा असे त्यांनी म्हटले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. म्हणावेसे वाटले असणार. फायनलरावांनाही हात पुन्हा कीबोर्डकडे जातोय असे वाटले, इतकी सवय वाईट. त्यांनी तो हात खिशात घातला. मग साहेबांना आपल्या खुर्चीत बसवले, फोल्डर उघडून 'फायनल आता तरी' दाखवली, मजकूर कुठे बदलायचा ते दाखवले, बदलून झाल्यावर पान एसव्हीजी कसे करायचे आणि पडदेवाल्याला कसे पाठवायचे तेही एका कागदावर लिहून दिले. साहेबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

"आणि साहेब, आधी त्या पंपाखालचं तेवढं बदला."

"बघतो," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

पिशवी खांद्याला लावून फायनलराव बाहेर पडले, तर कॉरिडॉरमध्ये अकाउंट्सच्या बाई उभ्या होत्या. भिंती पातळ होत्या आणि बाईंचे कान चांगले होते. "मूळ फाइल आहे म्हणे?" त्यांनी विचारले. त्यांच्या मुठीत मघाचीच चिठ्ठी होती.

फायनलराव क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "साहेब आहेत आत. तेच बघतायत आता सगळं."

बाईंनी वाटेत वकिलांच्या दारावर टकटक केली, खरेदी विभागाच्या दारावर केली, आणि फायनलराव जिना उतरत असताना वरच्या मजल्यावर दारे उघडल्याचे आणि खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज येऊ लागले. खाली गेटमधून दोन मोठ्या गाड्या आत शिरत होत्या. गाड्यांतून उतरणारे संचालक एकमेकांना आपापला स्वभाव समजावून सांगत होते. फायनलराव भिंतीच्या कडेने त्यांना वळसा घालून बाहेर पडले.

टॅक्सी उभी होती. बायको मागे बसली होती, शेजारी बॅगा, आणि ड्रायव्हर मान वळवून तिचे ऐकत होता. फायनलराव आत बसले, दार ओढून घेतले आणि पिशवी मांडीवर घेतली. बायकोने त्यांच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे, मग परत त्यांच्याकडे.

"आज कसं काय सोडलं तुम्हाला?" तिने विचारले.

"साहेब थांबलेत," फायनलराव म्हणाले.